शाळेत माध्यमं शिकताना : खानदेशातल्या आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शिक्षक, पालक आणि मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

माध्यम साक्षरता म्हणजे नेमकं काय शिकवायचं? मुलांनी रोज पेपर वाचला की झालं ना?

पेपर वाचणं ही सुरुवात झाली. समोर आलेली बातमी, फोटो, रील, जाहिरात किंवा व्हॉइस मेसेज कोणी तयार केला, कशासाठी केला, त्यात काय दाखवलं आणि काय वगळलं, हे मुलाला स्वतः शोधता आलं पाहिजे. त्यासाठी माध्यम कसं तयार होतं तेही थोडं हाताने करून बघावं लागतं. ज्या मुलाने एकदा साठ शब्दांत बातमी बसवली, त्याला पेपरातली कोणती ओळ कापली गेली असेल याचा अंदाज येऊ लागतो.

खानदेशात याला आणखी एक कारण आहे. अनेक घरांत आठवी-नववीतलं मूल हेच घरातलं सर्वांत सराईत वाचणारं माणूस असतं. आजीच्या मोबाईलवर आलेला मेसेज तेच वाचून दाखवतं. त्याने तो कसा वाचला, यावर घराचा निर्णय ठरतो.

अभ्यासक्रमात असा वेगळा विषयच नाही. तास कुठून काढायचा?

वेगळा तास मागत बसू नका, जागा आधीच आहे. दहावीच्या इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण आहे. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आणि जाहिरातलेखन परीक्षेला येतं. गणितात आलेख आणि शेकडेवारी आहे, विज्ञानात अफवा तपासायला लागणारं सगळं आहे. आठवड्याला एक तास, तोही आलटून पालटून मराठी, इतिहास, गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी दिला, तर वर्षात पंचवीसेक तास सहज होतात. एकाच हौशी शिक्षकावर सगळं टाकलं की त्याची बदली होते आणि उपक्रम तिथेच थांबतो. निदान दोघांनी मिळून सुरू करा.

पहिला तास कशाने सुरू करावा?

कालच्या वर्तमानपत्राने. मोबाईलने सुरुवात केली की मुलं मोबाईलमध्येच अडकतात. पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला एक अंक, लाल, निळा आणि हिरवा असे तीन स्केचपेन, एक फूटपट्टी. चाळीस मिनिटांत एवढं होतं:

पहिली दहा मिनिटं फक्त पान बघायचं. अंकाचं नाव, आवृत्ती, तारीख, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली मुद्रक-प्रकाशक-संपादकांची ओळ. बहुतेक मुलांनी ही ओळ कधी पाहिलेलीच नसते. छापलेल्या प्रत्येक अंकामागे जबाबदार माणसाचं नाव असावं लागतं आणि फिरत्या मेसेजमागे ते नसतं, हा फरक इथेच हाताला लागतो.

मग एकच बातमी निवडून सहा ‘क’ शोधायचे: कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. सापडला तो निळ्याने अधोरेखित करायचा. ‘का’ बहुतेक वेळा सापडत नाही. सापडला तर तो कोणाच्या तोंडून आला आहे ते समासात लिहायचं.

शेवटची पंधरा मिनिटं लाल पेनाची. बातमीतली क्रियापदं गोल करायची. ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘आरोप केला’, ‘दावा केला’, ‘टोला लगावला’, ‘हल्लाबोल केला’, ‘खडे बोल सुनावले’ ही सगळी एकाच कृतीची, म्हणजे बोलण्याची, नावं आहेत. प्रत्येक जागी ‘म्हणाले’ घालून वाक्य परत वाचायला सांगा. बातमीतला किती राग त्या माणसाचा होता आणि किती लिहिणाऱ्याने घातला, हे वर्गाला लगेच ऐकू येतं.

तसेच ‘केल्याचे समजते’, ‘असल्याची चर्चा आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्दप्रयोग हिरव्याने टिपायचे. ते खोटेपणाचा पुरावा नाहीत. नाव उघड करता येत नाही अशी माहिती पत्रकाराकडे खरोखर असू शकते. पण त्या वाक्याचं वजन कमी, एवढं मुलांनी मनात धरायचं. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर बातमीत त्या प्रश्नाचं उत्तर आहे का, तेही पाहा.

चूक कुठे होते? शिक्षक एका वेळी चार-पाच बातम्या देतात. एकच द्या.

बातमी आणि जाहिरात यांतला फरक मुलांना कळतोच की!

साबणाच्या जाहिरातीत कळतो. बातमीसारख्या मांडलेल्या जाहिरातीत मोठ्यांनाही कळत नाही. खुणा अशा: कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ किंवा ‘मीडिया उपक्रम’ असं लिहिलेलं, अक्षराचं वळण बाकी पानापेक्षा किंचित वेगळं, सगळा मजकूर कौतुकाचा, शेवटी पत्ता आणि मोबाईल नंबर. दोन वेगळ्या पेपरांत तोच मजकूर शब्दशः सापडला तर तो एका ठिकाणाहून तयार होऊन आलेला आहे, कधी जाहिरात म्हणून, कधी प्रसिद्धिपत्रक म्हणून.

यासाठी सोपा गृहपाठ आहे. एका पानाची छापील लांबी-रुंदी मोजा, मग प्रत्येक जाहिरातीची मोजा आणि चौरस सेंटिमीटरमध्ये टक्केवारी काढा. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी आली असेल त्या दिवसाचा आणि साध्या मंगळवारचा अंक शेजारी ठेवा. पेपर विकत घेताना आपण देतो त्या रुपयांत कागदही निघत नाही, उरलेला खर्च कोण भरतं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

दहावीच्या निकालानंतर खासगी क्लासच्या जाहिराती कापून ठेवा. एकाच गुणवंताचा फोटो दोन क्लासच्या जाहिरातींत दिसतो का, ते बघण्यासारखं असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार कोणालाही भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे करता येते. तो तक्रार अर्ज वर्गात लिहून घेणं हा पत्रलेखनाचाच सराव आहे.

वर्गात मोबाईलला बंदी आहे, शिक्षकांचा एकच फोन. फोटो कसा तपासायचा?

एक फोन पुरतो. तो प्रोजेक्टरला किंवा स्मार्ट टीव्हीला जोडा, नसेल तर गटागटाने जवळ बोलवा.

फोटो गॅलरीत साठवा. गूगल लेन्स उघडून तो निवडा. चौकट आपोआप एखाद्या चेहऱ्यावर किंवा कपड्यावर बसते आणि मग निकालात नुसती तशीच शर्टं दिसतात. चौकट ओढून पूर्ण फोटोभर करा. निकाल आले की ‘हाच फोटो’ आणि ‘यासारखा फोटो’ वेगळे करा. इथे सर्वांत जास्त चुका होतात. पुराचे, मोर्चाचे, अपघाताचे फोटो एकमेकांसारखेच असतात. मागचा खांब, फलकावरचं अक्षर, गाडीचा नंबर अशा तीन खुणा जुळल्या तरच तो एकच फोटो धरायचा.

मग तारीख. सर्वांत जुनी तारीख शोधायची. टिनआय या संकेतस्थळावर निकाल जुन्यापासून लावता येतात. आज तापी-गिरणेच्या पुराचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या पानावर सापडला, तर आजचा दावा तिथेच संपला. काहीच सापडलं नाही तर फोटो खरा ठरत नाही. तो अगदी नवीन असेल, कापलेला असेल, किंवा डावं-उजवं उलटवलेला असेल. फोटो एडिटरमध्ये आरशासारखा उलटवून पुन्हा शोधा.

फोटो कधी काढला ही माहिती मूळ फाइलमध्ये असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते. त्यामुळे आलेल्या फोटोच्या ‘डिटेल्स’मध्ये दिसणारी तारीख बहुधा तो तुमच्या फोनवर उतरल्याची असते. मुलं हमखास इथे फसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले म्हणजे मेसेज खोटा का?

नाही. तो मेसेज पाच किंवा त्याहून जास्त टप्प्यांतून पुढे आला आहे, एवढंच ते बाण सांगतात. लसीकरणाची खरी सूचनाही तशी येऊ शकते. उलट बाण नसले तरी निर्धास्त राहू नका. कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ती खूण पुसली जाते.

‘उद्या शाळांना सुट्टी’ असं पत्र दर पावसाळ्यात येतं. ते कसं ओळखायचं?

हा वर्गात घेण्यासारखा उत्तम नमुना आहे, कारण मुलांना तो खरा असावासा वाटतो. जे आवडतं ते तपासायला मन तयार होत नाही, हेच इथे शिकायचं.

शासकीय पत्राचे भाग फळ्यावर काढा: कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, आदेशाचा मजकूर, सही आणि पदनाम, शेवटी ‘प्रत माहितीसाठी’. फिरणारं पत्र बहुतेक वेळा पूर्ण बनावट नसतं. ते गेल्या वर्षीचं किंवा दुसऱ्या जिल्ह्याचं खरं पत्र असतं आणि वरची तारखेची पट्टी कापलेली असते. आदेशात वार दिला असेल तर कॅलेंडरशी जुळवा. ‘मंगळवार दि. २३’ लिहिलंय आणि या महिन्यात २३ला शनिवार आहे, तर उत्तर मिळालं. मग मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना विचारा. जिल्हा माहिती कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकृत खात्यावर पाहा.

राईनपाड्याची घटना मुलांसमोर मांडावी का?

मांडावी. नववी-दहावीत, तयारी करून.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ त्या काळात मोबाईलवर फिरत होते. देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापून बाकीचा पुढे पाठवला गेला. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली.

मारहाणीचे व्हिडिओ वर्गात दाखवू नका, शोधायलाही सांगू नका. मेलेल्यांची आणि आरोपींची नावं चर्चेत आणायची गरज नाही. आणि त्या भागातल्या आदिवासी गावांबद्दल ‘तिथले लोक असेच’ असा सूर वर्गात उमटला तर तो तास थांबवून आधी त्यावर बोला. त्याच वर्षी अशाच अफवांनी इतर राज्यांतही लोक मारले गेले.

तासाचं काम एवढंच ठेवा: फळ्यावर एक आडवी रेष, डावीकडे पहिला मेसेज, उजवीकडे जमाव. मधे कोण कोण होतं ते मुलांनी भरायचं. मेसेज बनवणारा, कापणारा, पुढे पाठवणारा, वाचून दाखवणारा, बाजारात ओरडणारा, बघत उभा राहणारा. प्रत्येकाला त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं? पोलीस पाटलांना सांगणं, ११२ला फोन, मुलांविषयी असेल तर १०९८ ही बाल मदतवाहिनी. हे आकडे वहीत नाही, भिंतीवर लिहून ठेवा.

आमच्याकडे मजकुरापेक्षा व्हॉइस मेसेज जास्त फिरतात, तेही अहिराणीत, भिलीत, पावरीत. ते तपासता येतात का?

लेन्ससारखं साधन त्यासाठी नाही, म्हणून ऐकण्याची पद्धत लावावी लागते. एकदा सलग ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना चारच गोष्टी लिहा: बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं का, गावाचं नाव घेतलं का, तारीख सांगितली का, स्वतः पाहिलं म्हणतो की ऐकलं म्हणतो. ‘आपल्या शेजारच्या तालुक्यात, परवा’ असा मेसेज कुठल्याही तालुक्यात आणि कुठल्याही दिवशी खराच वाटतो. त्याची ताकद तिथेच आहे.

आपल्या बोलीतला आवाज घरातल्या माणसासारखा वाटतो आणि शंका घ्यायला जीभ रेटत नाही. म्हणून प्रश्नही बोलीतच तयार ठेवावेत. ‘तुले कोनी सांगं?’ हे तीन शब्द प्रमाण मराठीतल्या परिच्छेदापेक्षा घरात जास्त काम करतात. नंदुरबारच्या पाड्यांवरच्या मुलांकडून तेच प्रश्न त्यांच्या बोलीत लिहून घ्या. शिक्षकांनी भाषांतर करून देऊ नये.

केळीबद्दलचे मेसेज विज्ञानाच्या तासाला घेता येतील का?

रावेर, यावल, चोपड्यातल्या शाळांनी तर घ्यावेतच. पालकांचं पोट त्यावर आहे. ‘गॅसने पिकवलेली केळी म्हणजे विष’ हा मेसेज घ्या. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. कॅल्शियम कार्बाइडवर फळं पिकवायला भारतात बंदी आहे. त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि कार्बाइडमध्ये आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. राइपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, सोडतात तो इथिलीन वायू. हा वायू फळ पिकताना स्वतःही तयार करतं आणि दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत त्याच्या वापराला नियमांनी परवानगी आहे. मेसेज ‘गॅस’ एवढाच शब्द वापरून दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

अर्ध्या खऱ्या मेसेजची मोडतोड अशी करतात: प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि एकेक तपासा. सबंध मेसेजला ‘खोटा’ म्हटलं की कार्बाइडची खरी भीतीही फेकली जाते.

आकड्यांत कसं फसवलं जातं?

एक आलेख काढून दाखवा. समजा, कापसाचा भाव क्विंटलला ७,००० वरून ७,३५० झाला. वाढ ५ टक्के. आता स्तंभालेखाचा उभा अक्ष ६,९०० पासून सुरू करा. पहिल्या स्तंभाची उंची १०० आणि दुसऱ्याची ४५० दिसेल, म्हणजे साडेचारपट. आकडे खरे, चित्र फसवं. बाजारभावाच्या मेसेजमध्ये आणखी दोन गोष्टी विचारा: हा सर्वांत जास्त भाव की सरासरी, आणि कुठल्या बाजार समितीचा, कुठल्या दिवसाचा.

मे महिन्यात भुसावळचं तापमान ५२ वगैरे दाखवणारे गाडीतले फोटो येतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तापलेल्या रस्त्यावर उन्हात उभ्या गाडीच्या आकड्याची त्याच्याशी तुलना होत नाही.

एआयने केलेले फोटो ओळखायची खूण कोणती?

बोटं मोजा, देवनागरी पाट्या वाचा, असं काही काळ सांगितलं जायचं. त्या खुणा झपाट्याने पुसल्या जात आहेत, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. फोटो आधी कोणी टाकला, त्या जागी इतर कोणाला तेच दिसलं का, हाच रस्ता टिकणारा आहे.

हे सगळं शिकून मुलं ‘सगळेच खोटं बोलतात’ असं म्हणायला लागली तर?

तर शिकवण्यात चूक झाली आहे. आपण सतत खोटेच नमुने दिले की असं होतं. दर पाच नमुन्यांत निदान दोन पूर्ण खरे ठेवा, त्यातला एक अविश्वसनीय वाटणारा असू द्या. निकालाच्या पाच पेट्या करा: खरं, खोटं, अर्धं खरं, जुनं पण नव्याने फिरणारं, आणि अजून कळलेलं नाही. शेवटच्या पेटीत टाकायला मुलांना सर्वांत जड जातं. तिथे टाकणाऱ्याला गुण कमी देऊ नका.

(विद्यार्थ्यांकडून) काकांनी ग्रुपवर खोटं टाकलं. सांगायचं कसं?

ग्रुपवर नको, चारचौघांत मोठ्या माणसाला खाली बघायला लावलं की ते मेसेजच्याच बाजूने उभे राहतात. एकटे असताना त्यांच्याच फोनवर, त्यांच्या हाताने शोधून दाखवा. ‘काका, मला हे जुनं दिसतंय, तुम्ही बघता का?’ एवढं पुरतं. त्यांनी काढून टाकला तर परत विषय काढू नका.

निवडणुकीच्या काळात हा तास घ्यावा का?

घ्या, पण स्थानिक उमेदवारांच्या पोस्ट घेऊ नका. एकाच दिवसाचे तीन पेपर घ्या, एकाच सभेचे मथळे शेजारी लावा, कोणाचा फोटो केवढा आहे ते मोजा. पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्या, आणि जाहिराती तपासण्यासाठी जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, हे नागरिकशास्त्रात जोडून सांगता येतं.

भित्तिपत्रक काढायचं तर मापं काय घ्यायची?

खानदेशाला याची जुनी ओळख आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत.

२२ बाय २८ इंचांचं कार्डशीट उभं धरा, म्हणजे ५६ बाय ७१ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास, १६ सेंटिमीटरचे तीन कॉलम, मधे दीड-दीड सेंटिमीटर जागा. वर नावासाठी १० सेंटिमीटर. मथळ्याचं अक्षर अडीच सेंटिमीटर, मजकुराचं आठ मिलिमीटर, दोन ओळींत १.४ सेंटिमीटर अंतर. असं धरलं तर सगळ्या पत्रकात सुमारे ४०० शब्द मावतात, म्हणजे साठ-साठ शब्दांच्या सहा बातम्या. हे गणित आधी न केल्यामुळेच शेवटची बातमी मुंगीच्या अक्षरात कोपऱ्यात कोंबली जाते.

एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं, नावं आणि आकडे तिसऱ्याने. चूक छापली गेलीच तर पुढच्या अंकात त्याच जागी ‘दुरुस्ती’ द्यायची. मुलांना हे सुरुवातीला लाजिरवाणं वाटतं, तरी सोडू नका.

बोलीतलं ऑडिओ बुलेटिन करत असाल तर तीन मिनिटांचं ठेवा, सावकाश वाचून तीनशेक शब्द. फोन तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला, पंखा बंद. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, तेव्हा भिंतीशी दोन गोधड्या टांगा. जळगावच्या आकाशवाणीवरचं एक वार्तापत्र आधी ऐकवून वाक्यं मोजायला लावा. कानाने ऐकायचं वाक्य किती छोटं असतं ते त्यातून कळतं.

मुलांची नावं आणि फोटो बाहेर टाकता येतात का?

भिंतीवर ठीक. समाजमाध्यमावर टाकायचं तर पालकांची लेखी संमती घ्या. गुन्ह्यात सापडलेल्या, अत्याचार झालेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही, शाळेचं नावसुद्धा, प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ने मनाई आहे. गावातल्या घटनेवर मुलांनी बातमी लिहिली तर हे शिक्षकांनी स्वतः तपासावं.

गुण कसे द्यायचे?

वीस गुणांचा एक न पाहिलेला मेसेज, वेळ तीस मिनिटं. मूळ स्रोत शोधण्याची पद्धत ५, तारीख आणि ठिकाण ५, दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी जुळवणी ५, निष्कर्षाची भाषा ५. उत्तर चुकलं पण पायऱ्या नीट लिहिल्या, तर पंधरापर्यंत गुण द्यावेत. नुसतं ‘खोटं’ लिहून बरोबर आलेल्या उत्तराला दोनच.

दहावीनंतर यात पुढे काय?

अकरावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी (ब्लॉग) लेखन आणि रेडिओजॉकी आहे. बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. सीबीएसईच्या शाळांत अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज हा कौशल्य विषय घेता येतो. पदवीनंतर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जनसंवाद व पत्रकारितेचं शिक्षण आहे. मुद्रितशोधन शिकलेल्या मुलाला छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात लगेच काम मिळू शकतं, हे पालकांना आवर्जून सांगा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे नेट नसतं. मग?

वर सांगितलेल्यातलं बरंच काही नेटशिवाय होतं. तालुक्याच्या गावाहून आठवड्याची रद्दी आणा, अंक तारखेने लावून ठेवा. फोटो तपासणीसाठी रेंज मिळेल तिथे एकदाच पाच नमुने शोधून प्रत्येक पायरीचे स्क्रीनशॉट काढा, छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पत्त्यांसारखे क्रमाने लावायला द्या. एका वर्गाला पाच संच लागतात. पावसाळ्यात कागद ओलावतो, म्हणून संच प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत ठेवावेत.